न झालेली परीक्षा

११ डिसेंबर १९६७ हा सोमवार होता. शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी पूर्ण सुट्टी भोगून मुले त्या दिवशी शाळेत यायची होती. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना परिसरातील जमीन हादरली. जोराचा हादरा जेमतेम दहा सेकंद टिकला असेल. तेवढ्यात कोयनानगरमधील दगड-विटांची बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पावणेदोनशे ते दोनशे माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोफळीच्या वीजगृहातून मुंबईकडे जाणारी वीज खंडित झाली आणि शंभराहून अधिक मैलांवरचे कारखाने बंद पडले.

या भूकंपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भूकंपशास्त्राच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कोयनेचे नाव असते. पण त्या सोमवारी पहाटे चारऐवजी सकाळी अकरा वाजता जमीन हलली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला त्या साहित्यात कुठे फारसा भेटला नाही. शिक्षकांसाठीच्या मासिकात तो विचारायला हरकत नाही.

प्रथम जागा समजून घेऊ. कोयना नदी सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे जाते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिला १०३ मीटर उंचीचे धरण बांधून अडवले, आणि तिचे पाणी डोंगर पोखरून बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणच्या बाजूला सोडले. घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीतला फरक म्हणजेच वीज. डोंगराच्या पोटात पोफळीला भूमिगत वीजगृह झाले. जनित्रे फिरवून झाल्यावर पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून समुद्राला मिळते. म्हणजे पोफळी रत्नागिरी जिल्ह्यात आणि धरण सातारा जिल्ह्यात असले, तरी दोघांच्या मधले सरळ अंतर दहा-पंधरा किलोमीटरच आहे. भूकंपाला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

धरणात पाणी साठू लागले ते १९६२ च्या सुमारास. योगायोग असा, की १ मे १९६२ रोजीच महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेव्हापासून आपल्या शाळेची घडण अशी आहे : जागा बहुधा गावाने दिलेली, इमारत बांधकाम विभागाची, शिक्षक शिक्षण विभागाचे, आणि मुले घरोघरची. अनेकांनी मिळून उभे केलेले हे काम सुंदर आहे. पण भिंतीला तडा गेला की तो नेमका कोणाचा, हे ठरवायला पत्रव्यवहार लागतो. एका गावात असा पत्रव्यवहार तीन पावसाळे चाललेला मी पाहिला आहे. तडा मात्र नियमितपणे वाढत होता.

१९६७ नंतर धरणाच्या बाबतीत काय झाले ते पाहण्याजोगे आहे. धरणाच्या पोटातील मार्गिकेत कंपनाचा त्वरण मोजणारे यंत्र बसवलेले होते. त्याने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट इतके आडवे त्वरण नोंदवले. धरणाचा आराखडा करताना धरलेला गुणांक होता ०.०५. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने निवांत प्रदेश, असाच तोवरचा समज होता. धरण फुटले नाही, पण त्याला आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवल्या गेल्या, भिंतीला मागून आधार देऊन ती जाड केली गेली, देशी-परदेशी तज्ज्ञांच्या समित्या बसल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयातील पाण्याची पातळी आणि भूकंपांची संख्या यांतील नाते तपासले. भारतीय मानक संस्थेच्या भूकंप संहितेच्या १९७० च्या आवृत्तीत हा भाग चौथ्या, म्हणजे बऱ्याच तीव्र धोक्याच्या विभागात गेला. हे संशोधन आजही थांबलेले नाही. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीपर्यंत एक विंधनछिद्र घेऊन तिथला खडक तपासला गेला.

मी स्वतः याच क्षेत्रातला माणूस आहे, तेव्हा या कामाचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. धरणाची जितकी नाडीपरीक्षा झाली तितकी व्हायलाच हवी होती. ते फुटले असते तर खालच्या खोऱ्यांत हाहाकार झाला असता. पण आसपासच्या शाळांच्या भिंतींची नाडी कोणी पाहिली? कोयनेच्या भूकंपात शाळा भरलेली नव्हती. जी मुले गेली ती घरांत, आईबापांच्या कुशीत गेली. त्यामुळे घरांचा प्रश्न सर्वांना दिसला, शाळेचा दिसला नाही. शाळेची परीक्षा झालीच नाही, आणि न झालेल्या परीक्षेला आपण उत्तीर्ण समजून बसलो.

पुढे असेच घडत गेले. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे : किल्लारी. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले, गावे उशिरा झोपलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली सुमारे आठ हजार माणसे गाडली गेली. हा भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. इथेही शाळा बंद होत्या. वाचलेल्या मुलांपैकी सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणले. आपत्तीनंतर मूल कोणाच्या हाती द्यायचे, त्याचा पुढचा सांभाळ कोण करणार, हा मुलांच्या रक्षणातला दुसरा मोठा प्रश्न महाराष्ट्राला तिथे इतक्या मोठ्या प्रमाणावर भेटला.

आणि पोफळीच्याच खाली, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा कोविडमुळे प्राथमिक शाळांचे वर्ग भरत नव्हते. पुन्हा एकदा प्रश्नपत्रिका न फोडताच परत गेली.

परीक्षा जिथे झाली तिथे काय निकाल लागला? २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. प्रजासत्ताक दिन असल्याने बरीच मुले वर्गाबाहेर होती. हे कित्येकांचे नशीब ठरले. पण अंजार गावात प्रभातफेरी नेमकी अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या आणि १८५ मुले व २० शिक्षक दगावले. वर्ग असुरक्षित, मैदान सुरक्षित, हे ढोबळ गणित इथे उपयोगी पडत नाही. मैदानाकडे जाणारी वाटही पाहावी लागते. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरचा भूकंप शाळा भरल्यावर, सकाळी नऊच्या आत झाला. सरहद्दीपलीकडे हजारो मुले वर्गांतच गेली.

याच्या उलट एक गोष्ट कॅलिफोर्नियाची आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. १० मार्च १९३३, शुक्रवार. लाँग बीच भागात भूकंप झाला तो संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी. शाळा सुटून काही तास झाले होते. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या, त्याहून अधिक मोडकळीला आल्या. थोडक्यात, कोयनेसारखेच घड्याळ. पण तिथल्या लोकांनी पडलेले रिकामे वर्ग पाहिले आणि त्यांत मुले बसलेली कल्पिली. बरोबर एका महिन्यात, १० एप्रिल १९३३ रोजी, फील्ड कायदा मंजूर झाला. सार्वजनिक शाळेचा आराखडा राज्याच्या स्थापत्य विभागाने तपासल्याशिवाय आणि बांधकामावर देखरेख ठेवल्याशिवाय शाळा बांधायची नाही, असे ठरले. त्या कायद्याखाली बांधलेली एकही शाळा त्यानंतरच्या भूकंपांत कोसळलेली नाही. तिथेही सारे काही लगेच सुधारले असे नाही. जुन्या इमारती काढायला कित्येक दशके गेली. पण सही कोणाची हवी, हे पहिल्या महिन्यातच ठरले होते.

आपल्याकडे ही सही शोधायला न्यायालयात जावे लागले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून आग लागली, गवती छपराने ती पसरली आणि ९४ मुले जळून मेली. त्यावरच्या याचिकेचा निकाल देताना १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो. त्याच वर्षी शिक्षणहक्क कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात इमारत कशी हवी ते दिले आहे : सर्व ऋतूंत टिकणारी, दर शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण. पाऊस त्यात आला, भूकंप आला नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ती उणीव कागदावर तरी भरून निघाली.

इथे थोडे वळण घेतो. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात एकोणिसावे कलम आहे. असा गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे ज्या कोणाला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे ते सांगते. शिपाई असो, मुख्याध्यापक असो, शेजारी असो. न कळवणे हाच गुन्हा, हे एकविसावे कलम. ‘सामायिक जबाबदारी’ या शब्दाचा मला सापडलेला सर्वांत स्पष्ट अर्थ हाच आहे. जबाबदारी वाटून घेतली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते, असे तो कायदा मानत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ती पूर्णच येते. भिंतीच्या तड्याबाबत असे कलम नाही. तडा पाहिलेल्या दहा जणांपैकी कोणीही गप्प बसला तरी चालते.

जपानमध्ये हाच मुद्दा फार कडवटपणे न्यायालयात गेला. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेची इमारत टिकली, सर्व मुले नीट मैदानात आली. शाळेच्या मागेच टेकडी होती. पण पुढे कुठे जायचे हे आधी ठरलेले नव्हते. शिक्षकांची चर्चा होत राहिली आणि सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामी आली. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालकांनी दावा लावला. पहिल्या न्यायालयाने त्या क्षणी शिक्षकांनी घेतलेल्या निर्णयावर बोट ठेवले. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने त्याच्या मागे जाऊन पाहिले : मुख्याध्यापक आणि शहराचे शिक्षण मंडळ यांनी भूकंपाच्या पुष्कळ आधी आराखडा तपासून जागा ठरवायला हवी होती, तिथेच चूक झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मैदानात गोंधळून उभा असलेला, स्वतःही बुडालेला शिक्षक त्या दुसऱ्या निकालात एकटा आरोपी उरला नाही. शिक्षकांनी हा निकाल मुद्दाम वाचावा असे मला वाटते.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरात माध्यमिक शाळेची मुले हादरा थांबताच डोंगराकडे धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले तिसऱ्या मजल्यावर गेली होती. ती मोठ्यांना पाहून खाली आली आणि त्यांच्याबरोबर निघाली. वाटेत मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही धोक्याची वाटली, म्हणून ती आणखी वर गेली. दोन्ही शाळांतील ही सगळी मुले वाचली. तोशिताका काताडा नावाचे प्राध्यापक आणि तिथले शिक्षक कित्येक वर्षे याची तयारी करून घेत होते. गणिताच्या उदाहरणांतसुद्धा त्सुनामीचा वेग येत असे.

आता पुन्हा आपल्या घाटात. काही वर्षांपूर्वी कंपनमापक ठेवण्याच्या निमित्ताने मी या भागात हिंडत होतो. पायथ्याच्या एका गावातल्या दोनशिक्षकी शाळेत (नाव सांगत नाही, तशा शाळा पुष्कळ आहेत) बाईंनी मला मुलांशी बोलायला बोलावले. मी खुशीत तरंगांविषयी बोललो आणि शेवटी पुस्तकात असते तसे सांगितले, की हादरा बसला तर बाकाखाली शिरायचे. मुलांनी मान डोलावली. बाई म्हणाल्या, ‘‘सर, आमची पहिली-दुसरी खाली बसते, सतरंजीवर. ती कशाखाली शिरणार?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. परदेशी चित्रावरून काढलेले ते वाक्य मी वीस वर्षे म्हणत आलो होतो.

मग आम्ही हिशोब केला. भूकंपात आधी येणारे प्राथमिक तरंग आणि मागून येणारे, जास्त हानी करणारे दुय्यम तरंग यांतले अंतर काढायची सोपी रीत आहे : केंद्रापासूनच्या अंतराचे किलोमीटर घ्यायचे आणि त्यांना आठाने भागायचे, साधारण तेवढे सेकंद मिळतात. कोयनेचा हादरा पंधरा किलोमीटरवर असेल तर दोन सेकंद. पहिली थरथर कळून ‘भूकंप’ म्हणेपर्यंत मोठा धक्का आलेला असतो, आणि दहा-पंधरा सेकंदांत तो संपतोही. मुलांना पटले नाही. म्हणून प्रयोग केला. चाळीसेक मुले वर्गात बसवली, एका मुलाने माझे घड्याळ धरले, टाळी वाजली. वर्ग रिकामा व्हायला सव्वा मिनिट लागले. एकच दार, तेही आत उघडणारे, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. पुढची दोन मुले स्वतःची चपल शोधत थांबली आणि मागची त्यांच्यावर आदळली.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. हादरा चालू असताना वर्ग रिकामा होऊ शकत नाही. धावाधाव केली तर पडवीच्या कडेच्या कौलांखालीच मुले सापडायची. म्हणजे ते दहा-पंधरा सेकंद भिंतीने आणि छपराने काढून द्यायला हवेत. ते काम बाईंचे नाही, बांधणाऱ्याचे आहे. दार-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवटाळणारी सलोह काँक्रीटची पट्टी, कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतवणे, कौलारू छपराखालच्या त्रिकोणी भिंतीला वासे-रिपांशी बांधून टाकणे, या साध्या गोष्टी आपल्या मानकांत कधीच्या लिहिलेल्या आहेत. दुसरी गोष्ट, हादरा थांबल्यावर बाहेर पडायचे ते काम मात्र शाळेचे आहे, आणि त्याचा सराव करता येतो.

बाईंनी मग मला वर्ग दाखवला. खरे तर पहिल्यांदाच पाहायला लावला. त्रिकोणी भिंतीच्या पायथ्याशी सर्वांत लहान मुले बसत होती, कारण तिथे उजेड चांगला. त्यांच्या शेजारी लोखंडी कपाट, भिंतीला न अडकवलेले, वर पृथ्वीगोल. पलीकडे खिचडी शिजत होती. गॅस कोण बंद करणार, हे स्वयंपाक करणाऱ्या काकूंना कोणी विचारले नव्हते. त्यांनी क्षणात सांगितले, ‘‘मीच करीन की, माझी नात आहे तिसरीत.’’ पायाने अधू असलेल्या एका मुलाला घेऊन कोण निघणार, यावर चौथीच्या दोघांत भांडण झाले. दोघांनाही तो मान हवा होता. हादऱ्यानंतर पालक धावत येतील, तेव्हा ओळखीच्या माणसाच्याच हाती मूल द्यायचे, हजेरीपटावर नावापुढे खूण करायची, असे ठरले. तो हजेरीपट आधी कपाटात, कुलपात असे. तो दाराजवळच्या खिळ्यावर आला.

दाराचे आणि त्रिकोणी भिंतीचे मात्र तिथे ठरण्याजोगे नव्हते. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव लिहिला गेला, एक प्रत पंचायत समितीला, एक बांधकाम विभागाला. मी माझ्या संस्थेच्या कागदावर दोन पाने तांत्रिक टिपण लिहून जोडले. तोवर असे टिपण कोणत्याही शाळेसाठी मी लिहिले नव्हते. धरणांसाठी लिहिली होती.

निघण्यापूर्वी मुलांनी पुन्हा एकदा घड्याळ मागितले. चपला या वेळी खिडकीखाली ओळीने लावल्या होत्या, लहानांची सतरंजी दाराजवळच्या भिंतीकडे सरकवली होती आणि दप्तर डोक्यावर धरून बसायचे, मग बाईंच्या शिट्टीवर उठायचे, असे ठरले होते. अठ्ठावीस सेकंद लागले. घड्याळ धरणारा मुलगा म्हणाला, सव्वीस. त्याने शेवटच्या दोघांना मोजले नव्हते. बाईंनी त्याला परत मोजायला लावले.